गौरीचे हात

"मॅडम, यातलं कुठलं विष जेवणात घातलं तर कोणालाच कळत नाही?"

प्रश्न हर्षदाचा होता, आवाज माझा. तोही साधासुधा नाही, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवलेला, मागच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू जाणारा. वर्गातली अर्धी मुलं खिदळली, मेस्त्री सरांनी कपाळाला हात लावला आणि हर्षदाने मागून माझी वेणी ओढली. म्हणजे पैज मी जिंकले.

तेव्हा मी नववीत होते. आता बारावीला आहे, पण ती सहल अजून काल झाल्यासारखी आठवते. घाटाच्या पायथ्याशी एक आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथली विषवाटिका बघायला आम्हाला नेलं होतं. श्रावण संपत आलेला, गणपती आठवड्यावर. आभाळ दिवसभर कोंदटलेलं आणि बागेतली वाट शेवाळाने निसरडी.

तुळस, अडुळसा, शतावरीचे वाफे ओलांडले की पुढे जाळीचं कुंपण होतं. त्याला कडी-कुलूप आणि फाटकावर कवटीचं चित्र. ते तिथल्याच विद्यार्थ्यांनी काढलेलं असावं, कारण कवटी चक्क हसत होती. बाग दाखवणाऱ्या पित्रे मॅडम उंच, सडपातळ, पांढऱ्या कोटातल्या. फाटक उघडायच्या आधी त्यांनी एकच नियम सांगितला.

"आत गेलं की सगळ्यांचे हात मागे. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरायचं. सोडायचं नाही."

मग आम्ही सगळे हात मागे बांधून, पोलिसांनी पकडून नेल्यासारखे एका रांगेत आत गेलो. आणि आत होतं काय? धोतरा. कण्हेर. रुई. गुंज. काजरा. मोगली एरंड.

"अगं, ही तर आमच्या परड्यात आहे!"

"कण्हेर तर आमच्या देवळासमोर आहे. म्हणजे देव विषारी?"

"गप रे, गुरवाला सांगेन."

अशी सगळी गंमत चालली होती, तेवढ्यात हर्षदाने माझ्या कानात तो प्रश्न सोडला. "केतकी, लाव पैज, तूच विचार. तुमच्या घरात तर अनुभव आहे." आणि ती हसली. मीही हसले.

मी का हसले ते सांगायला हवं. दुसरीत असल्यापासून माझ्या डब्यातलं कोणी खात नसे. 'धुरींच्या घरचं नको रे बाबा,' असं मुलं एकमेकांना सांगायची, कारण त्यांना घरून सांगितलेलं असायचं. मी सात वर्षांची असताना माझे आबा, म्हणजे बाबांचे वडील, रात्री जेवले आणि पहाटे ओकायला लागले. तिसऱ्या दिवशी इस्पितळात गेले. डॉक्टर विषबाधा म्हणाले. जेवण वैजूकाकूने केलं होतं. तिने स्वतः त्यातला घासही खाल्ला नव्हता. आणि दोनच दिवसांपूर्वी तिचं नि आबांचं खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं भांडण झालं होतं. काका गोव्याला कंपनीत, तिला त्याच्याकडे राहायला जायचं होतं, आणि आबा म्हणत होते, मग घराक कोण बघतला?

एवढं पुरलं. पोलीस एकदा येऊन विचारून गेले, त्यांना काही सापडलं नाही. पण वाडीला सापडलं होतं. बाराव्यानंतर काकू कापडी पिशवी घेऊन आजऱ्याला, माहेरी गेली. काकाने तिला सोडलं नाही आणि नेलंही नाही. आमच्या घरात तिचं नाव त्या दिवसापासून कोणी घेतलं नाही.

मोठी होत गेले तशी मी एक युक्ती शिकले. दुसऱ्याने टोमणा मारायच्या आधी आपणच मारायचा. "या, धुरी हॉटेल, जिवंत परत जाण्याची हमी नाही!" असं म्हणत मी डबा उघडायचे. सगळे हसायचे. आठवीत भाषण करायला लागले, ढाल आली, आणि मला वाटलं, झालं, आता आपल्याला कशाचंच काही वाटत नाही. त्या धुंदीतच मी तो प्रश्न विचारला.

पित्रे मॅडम हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत.

"नाव काय तुझं?"

"केतकी धुरी."

"आवाज छान आहे. ये पुढे."

बागेच्या मध्ये एक पत्र्याची शेड होती. तिथल्या टेबलावर काचेच्या बरण्या दोन-दोनच्या जोडीने मांडल्या होत्या. मॅडमनी त्यातली एक जोडी पुढे सरकवली. दोन्ही बरण्यांत औषधी पाण्यात बुडवलेले कंदाचे तुकडे होते. सोललेले, पांढरट, बोटाएवढे जाड.

"कणगी खातेस?"

"खूप!" मी म्हटलं. आमच्याकडे कोण खात नाही? मार्गशीर्षात वेल सुकले की कणगी खणायची, सोलून, चिरून मिठाच्या पाण्यात उकडायची आणि गरम गरम खायची. रताळ्याला त्यापुढे मी विचारत नाही.

"मग या दोनांतली कणगी कुठली, ओळख."

मी दोन्हीकडे नीट पाहिलं. उजवीकडचे तुकडे जरा गुळगुळीत होते, छान होते. मला आमच्या स्वयंपाकघरातलं पातेलंच दिसलं. मी ठामपणे उजवीकडे बोट केलं.

"नक्की?"

"शंभर टक्के, मॅडम. आमच्या परड्यातच मांडव आहे कणगीचा."

"हे खाल्लंस तर आम्ही तुला वाचवू शकू की नाही, मला सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं.

"लाज वाटू देऊ नकोस. आमचे विद्यार्थीसुद्धा चुकतात. जमिनीतून काढल्यावर हे दोन्ही वेगळे दिसतात. हा लांबट, नांगरासारखा वाकलेला असतो. पण सोलून, चिरून पातेल्यात पडले की संपलं. आता याचं झाड बघा."

शेडच्या मागे एक वेल जाळीवर चढला होता. त्याच्या पानांची टोकं तारेला वेटोळं घालून बसलेली, आणि फुलं... लाल-पिवळ्या, उलट्या वळलेल्या पाकळ्यांची फुलं. आभाळ एवढं काळं असून ती पेटल्यासारखी दिसत होती.

"गौरीचे हात!" आम्ही चार-पाच जणी एकदम ओरडलो.

"तुमच्याकडे तेच म्हणतात. पुस्तकात कळलावी."

"पण मॅडम, हे तर आम्ही पूजेत..." हर्षदाचा आवाज पार बसला होता.

"पूजेत जरूर ठेवा. पोटात नको. फुलाला हात लावला की हात धुवायचे. लगेच, साबण लावून." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू विचारलंस ना, जेवणात घातलं तर कळत नाही असं विष कुठलं? मी वीस-बावीस वर्षं हेच शिकवते आहे. विष घालणाऱ्यांनी मारली त्यापेक्षा न घालणाऱ्यांनी जास्त माणसं मारली आहेत. गौरीच्या वेळी रानात चिखल असतो, लांब जावं लागतं. मग कोणीतरी वेल दारातच आणून लावतं. त्याला चढायला काहीतरी हवं, आणि कणगीचा मांडव आयता असतो. पावसाळा संपला की दोन्ही वेल सुकतात. वरचं काही शिल्लक राहत नाही. मग खणताना दोन्ही एकाच टोपलीत येतात."

"पण कडू लागत असेल ना?" मी विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे.

"लागतं. पण तुमच्याकडे करांद्याचे कंदही कडूच असतात की. खाणारा म्हणतो, एखादा करांदा आला असेल."

मी मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली.

आबा शेवटचं जेवले त्या रात्रीचं मला फारसं आठवत नाही. मी पेज खाऊन काकूच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. ती माझ्या केसांतून बोटं फिरवत बसली होती, कारण तिला कणगी आवडायची नाहीत. "बुळबुळीत लागतंय गं, आमाला आपली भाकरी बरी," म्हणायची. आई तिला त्यावरून 'घाटीण' म्हणून चिडवायची. बाबा आणि आबा ताटावर होते. आणि आबांचा आवाज, झोपेत ऐकलेला: "ह्यो करांदो दिसता रे. कडू लागता." आणि मग, "बरो लागता." आबांना कडूच आवडायचं. ते कारल्याची भाजीसुद्धा गूळ न घालता खायचे. बाबांनी एखाददुसराच तुकडा खाल्ला असेल. त्यांनाही त्या रात्री उलट्या झाल्या होत्या.

ती कणगी आबांनीच खणून आणली होती. काकूने फक्त उकडली.

एवढं उमगल्यावर मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. काकू सुटली! घरी पळत जाऊन सांगावं, वाडीभर ओरडून सांगावं! माझा आवाज याच कामाचा तर होता. पण शेडबाहेर नळावर हात धुवायला रांगेत उभी राहिले तेव्हा मॅडमचे ते शब्द परत आठवले. लगेच, साबण लावून.

हे शब्द मी दर वर्षी ऐकत आले होते.

आमच्याकडे गौर घरातल्या कुमारिकेने किंवा सवाशिणीने आणायची असते. विहिरीवर जाऊन, तेरड्याची रोपं आणि हे लाल-पिवळे हात सुपात घेऊन, तोंडात पाण्याची चूळ धरून मुकाट घरी यायचं. मागे बघायचं नाही, कोणी हाक मारली तरी बोलायचं नाही. बोललं की गौर रुसते. आठ वर्षांची झाल्यापासून ते काम माझं. आणि मी उंबऱ्यात पाऊल टाकलं रे टाकलं की आरतीच्या आधी, फोटोच्या आधी बाबा साबण घेऊन उभे असायचे. "हात धू. अंगठ्याच्या बेचक्यात धू." मला वाटायचं, बाबांना स्वच्छतेचं वेड आहे.

पण मी अगदी लहान होते तेव्हा ते हात रानातून येत नसत. परड्यातल्या मांडवावरचे असत. बाबांच्या खांद्यावर बसून मी स्वतः तोडलेले. तेव्हा कोणी मला हात धुवायला सांगत नव्हतं.

आणि आबा गेल्यानंतरची एक सकाळ. काकू अजून घरात होती. मी परसदारी आले तर बाबा मांडवाशी खणत होते. मांडव मोडलेला, वाळलेले वेल एका ढिगात. ते खड्ड्यातून काहीतरी उचलून त्या ढिगात टाकत होते आणि ढीग पेटवलेला होता. मला पाहून म्हणाले, "आत जा, धूर आसा." नंतर कणगीचा मांडव दुसऱ्या बाजूला, विहिरीकडे गेला, आणि गौरीचे हात बाबा स्वतः लांब रानातून आणायला लागले.

बाबांना माहीत होतं. काकू पिशवी भरत होती तेव्हाच माहीत होतं.

परतताना बसमध्ये मी खिडकीला डोकं लावून बसले. हर्षदाने दोनदा विचारलं, "काय झालं गं? मी चेष्टा केली. सॉरी." मग तिने माझ्या मांडीवरचा डबा उघडला, थंडगार घावन मोडून तोंडात घातलं आणि काहीही विनोद न करता चावून गिळलं. मला वाटतं, तिलाही काहीतरी कळलं होतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी चौकटीला, माटवीला, बाबा सुंभ गुंडाळत होते. ओटीवर रानफळांचे घोस, आंब्याचे टाळे, आणि आई चिंचेने समई घासत बसलेली. आमच्या घरातला वर्षातला सगळ्यात आनंदाचा आठवडा.

"इलंस? कशी झाली सहल?" आई म्हणाली.

"काय काय बघितलात?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"गौरीचे हात," मी म्हटलं.

सुंभाचा वेढा अर्ध्यात थांबला. मग बाबा म्हणाले, "हात धुलंस?"

आम्ही घरात मालवणी बोलतो. पण मी भांडायला लागले की शाळेच्या भाषेत शिरते. बाबा नेहमी म्हणतात, ह्या चेडू मराठीत बोलूक लागला की समजायचा, आता काय खरा नाय. त्या संध्याकाळी मी मराठीत विचारलं.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं? आबा असताना की आबा गेल्यावर?"

"काय कळला?" आई म्हणाली. पण तिने हे बाबांकडे बघत विचारलं, माझ्याकडे नाही. तेव्हा मला समजलं, की आईलाही माहीत होतं.

बाबांनी सुंभ खाली ठेवला. ते आपल्या तळव्यांकडे बघत होते.

"इस्पितळात," ते म्हणाले. "डाक्टर सारखो विचारी, काय खाल्ल्यात, काय खाल्ल्यात. मी म्हटलंय, कणगी. तो म्हणालो, कणगीन असा होयत नाय, आणखी काय होता? तेव्हा माझ्या डोक्यात इला. पण म्हटलंय, नसात. नसात तसा. घराकडे येऊन खणलंय, तर खड्ड्यात तेचोच अर्धो कंद."

"मग सांगितलं का नाहीत?"

"पोलीस इल्ले. तो वेल रानातसून हाडून मीच लावलेलो. म्हटलंय, माकाच घेऊन जातले. तू इतक्याशा होतंस."

"काकूला घेऊन गेले असते तर?"

"नेल्यानी नाय ना."

"नाही नेलं," मी म्हटलं. "नुसती पाठवली."

"गप रव गो!" आई एकदम ओरडली. तिच्या हातातली समई ओटीवर आडवी झाली. "सगळा बापाशीच्या माथ्यार घालू नको. मीच सांगितलेलंय. गौरीक दर वर्षाक चिखलातसून जावचा लागता, दारातच लाव म्हणान मीच मागे लागलंय. तुझ्या बापाशीक फुलांचो शौक नाय." तिला रडू फुटलं. "आता सात वर्सां झाली. वैजूक पण सवय झाली आसतली. आता उकरून कोणाचा बरा होतला? लोका काय म्हणतली?"

"लोक काय म्हणतात ते मला दुसरीपासून ठाऊक आहे," मी म्हटलं. "माझ्या डब्याला कोणी हात लावत नाही, आई. तुला वाटायचं मी सगळं संपवून येते."

समईवरचं चिंचेचं पाणी ओटीवर पसरत होतं आणि पुसायला कोणी उठत नव्हतं. मला वाटलं होतं बाबा चिडतील, हात उगारतील, मग मला भांडता येईल. पण ते भिंतीला टेकून बसले होते आणि म्हातारे दिसत होते, अगदी आबांसारखे.

"मी रोज म्हणतंय, आज सांगतंय," बाबा म्हणाले. "एकदा आजऱ्याच्या स्टँडारसून परत इलंय. तेंच्या घराकडे जावचा धाडस झाला नाय."

आई उठली. डोळे पुसले आणि तांब्या घेऊन आली. "पाणी पी आधी. सकाळपासून भायर आसस. मगे बोलाया."

मी तांब्या वर करून मोठा घोट घेतला आणि तो घशाखाली जाईना. गाल फुगवून मी तशीच उभी राहिले. समोर आई, समोर बाबा, दोघांची नजर माझ्या तोंडाकडे. माटवीच्या शेजारी गौरीचा पाट धुवून वाळत ठेवलेला. दर वर्षी मी अशीच यायचे. तोंड भरलेलं, मागे न बघता, आणि सगळे म्हणायचे, किती शहाणं आहे पोर, एक शब्द बोलत नाही.

खिडकीतून पाहिलेली काकू आठवली. त्या दिवशी मला आत कोंडून ठेवलं होतं. ती कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी थांबली होती आणि घराकडे बघत होती, मला शोधत. मी हाक मारली नव्हती. कोणीतरी सांगितलं होतं, हाक मारायची नाही.

मी खळ्यात गेले, तुळशीच्या पलीकडे चूळ टाकली आणि परत ओटीवर आले. वक्तृत्वाच्या स्पर्धेत उभी राहते तशी उभी राहिले, पण आवाज अगदीच लहान निघाला.

"बाबा, आई, मी उद्या सकाळच्या गाडीने आजऱ्याला जाते आहे. तुम्ही आलात तर काकूला तुम्ही सांगा, नाही आलात तर मी सांगेन. ती यायला तयार झाली तर या वर्षी गौर तिच्या हातून येईल. नाही झाली, तर आणीन मीच. पण तोंडात पाणी धरणार नाही. विहिरीपासून घरापर्यंत, जो कोणी विचारेल त्याला सांगत येईन, की तो वेल कोणी लावला होता."